गुडघ्याखालचं न्यूफाउंडलँड

पहिला दिवस

मी परदेशात गेले तरी मनगटावरचं घड्याळ बदलत नाही. त्यात भारतातली वेळ तशीच राहू देते आणि मनातल्या मनात वजाबाकी करते. टोरोंटोत लेकीकडे होते तेव्हा ही वजाबाकी साडेनऊ तासांची, म्हणजे रोजची डोकेदुखी. डीअर लेकच्या विमानतळावर उतरले आणि बघते तर मिनिटकाटा अगदी जागेवर! न्यूफाउंडलँडची वेळही आपल्यासारखीच अर्ध्या तासाची. उन्हाळ्यात भारताच्या बरोब्बर आठ तास मागे. कॅनडाच्या पार पूर्वेच्या टोकाला येऊन घड्याळ घरच्यासारखं वागायला लागलं, हा मी शुभशकुन मानला.

बाहेर आल्यावर भाड्याची गाडी ताब्यात घेताना लेकीने सहज विचारलं, "आई, तुला नक्की काय काय बघायचंय?" तिची स्वतःची यादी तयार होती : फ्योर्ड, म्हणजे उंच कड्यांमध्ये शिरलेला समुद्राचा फाटा, पृथ्वीच्या पोटातला डोंगर, वायकिंगांची वस्ती. ह्यांच्या यादीत एकच प्राणी होता, मूस नावाचं अवाढव्य हरीण. माझ्या यादीतही एकच गोष्ट, तीही वीतभर उंचीची नाही. बंचबेरी.

हे खूळ जुनं आहे. मी पंचवीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. २००५ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात एक छोटा शोधनिबंध आला होता. उत्तर अमेरिकेच्या थंड जंगलांत जमिनीलगत वाढणारं एक रोपटं, हीच बंचबेरी, शास्त्रीय नाव कॉर्नस कॅनडेन्सिस. त्याचं फूल अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत उघडतं. सेकंदाला दहा हजार चित्रं टिपणारा कॅमेरा लावला तेव्हा कुठे काय होतं ते दिसलं. त्याची फिल्म मी नववीच्या वर्गाला दरवर्षी दाखवायचे. मागच्या बाकावरून दरवर्षी एक प्रश्न ठरलेला : "बाई, तुम्ही प्रत्यक्ष पाहिलंय का?" नाही, असंच सांगावं लागायचं.

आता ऑगस्टचा दुसरा आठवडा. फुलांचा हंगाम जूनमधला, म्हणजे फूल हुकलंच होतं. पण फळं याच दिवसांत लाल होतात आणि ती खाता येतात, एवढं माहीत होतं. म्हटलं, निदान चव तरी घेऊ.

रॉकी हार्बर सत्तरेक किलोमीटर. रस्ता दोन्ही बाजूंनी काळपट हिरव्या झाडांनी भरलेला, आणि दर थोड्या अंतरावर मूसच्या चित्राची पाटी. हा प्राणी इथला नव्हेच. १९०४ साली न्यू ब्रन्सविकमधून चार मूस आणून इथे सोडले, आज त्यांची संख्या लाखाच्या घरात आहे. संध्याकाळनंतर गाडी चालवायची तर जीव मुठीत धरून, कारण उंटाएवढं धूड अंधारातून सरळ रस्त्यावर येतं. हे खिडकीला नाक लावून बसले होते. मूस काही आला नाही.

आमची घरमालकीण सत्तरीची, गोल चेहऱ्याची, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना 'माय लव्ह' म्हणणारी. तिने आधी बेटाचा उच्चार दुरुस्त केला. शेवटच्या 'लँड'वर जोर द्यायचा, 'अंडरस्टँड'सारखा. मग चहा ओतता ओतता मी बंचबेरीचं विचारलं. ती थबकली.

"क्रॅकरबेरी म्हणताय का? ती तर पायाखाली असते, माय लव्ह. त्यासाठी भारतातून आलात?"

"खातात ना ती?"

"खाता येते," ती म्हणाली. "पण कोण खातं?"

दुसरा दिवस

सकाळी सहाला उठून मी एकटीच घरामागच्या झाडीत शिरले. घरमालकिणीची परवानगी होती. शिवाय रॉकी हार्बर गाव नॅशनल पार्कच्या हद्दीबाहेर येतं, त्यामुळे दोन फळं खुडली तर मनाला टोचणी नाही.

झाडी बाल्सम फर आणि ब्लॅक स्प्रूसची. आत पाऊल टाकलं की आवाज एकदम बंद होतो, कारण खाली सगळं शेवाळ. गादीवर चालल्यासारखं पाऊल रुततं आणि वर येतं. फरच्या पानांचा वास संत्र्याच्या सालीजवळ जाणारा. डोळे सावलीला सरावायला मिनिटभर लागलं आणि मग दिसलं ते असं की, मी त्यात उभीच होते. पायाच्या चारही बाजूंना, ओंडक्यांवर, कुजलेल्या बुंध्यांच्या माथ्यावर, मुळांच्या बेचक्यात, सगळीकडे तीच. हिरव्या पानांचा एकेक झुबका आणि मधोमध लाल मण्यांची मूठ.

मी चक्क फतकल मारून बसले. अंगाखालचं शेवाळ ओलं आहे हे फार उशिरा लक्षात आलं.

जवळून बघायला सुरुवात केली की रोपटं आपली ओळख एकेक करून देतं. काही रोपांना चारच पानं होती, काहींना सहा. चार पानांच्या एकाही रोपाला फळ नव्हतं. फळं सगळी सहा पानांच्या रोपांना. जणू फळ पोसायचं तर दोन हात जास्तीचे हवेत. मी सवयीने मोजत बसले, पन्नासेक रोपं मोजली, नियम मोडणारं एकही सापडलं नाही. पानावरच्या शिरा देठाकडून निघून कडेला समांतर वळत टोकाकडे जातात, आपल्या बोरीच्या पानासारख्या, फक्त जास्त संख्येने.

मग कॉर्नस कुळाची जुनी चाचणी केली. पान दोन्ही हातांत धरून मधोमध अगदी हलकेच फाडायचं आणि दोन तुकडे एकमेकांपासून जरासे दूर न्यायचे. तुकडे वेगळे झालेत, पण खालचा पडत नाही. शिरांमधून कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे, लवचिक धागे निघतात आणि त्यांवर तो अर्धा तुकडा लोंबकळत राहतो. मी तो उजेडासमोर धरला. पाच-सहा धागे, प्रत्येक शिरेला एक. फुंकर मारली तर तुकडा झोका घ्यायला लागला. या कुळातली बाकीची मंडळी बहुतेक झाडं-झुडपं. हिमालयातही त्यांचा एक भाऊबंद चांगला झाड होऊन बसलाय. बंचबेरीने मात्र जमिनीखाली जायचं ठरवलं. तिचं खरं खोड म्हणजे मूलक्षोड, आल्या-हळदीसारखं आडवं पसरणारं, पण सुतळीएवढं बारीक आणि लाकडी. वर दिसणारी शंभर रोपटी प्रत्यक्षात एकच झाड असू शकतं. ते झाड जमिनीत आडवं झालंय आणि फक्त बोटांची टोकं वर काढून बसलंय.

आता चव. फळ वाटाण्याएवढं, शेंदराकडे झुकणारं लाल. याला 'बेरी' म्हणतात ते बाजारी भाषेत. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात हे अश्मगर्भी फळ, आंब्या-बोरासारखं आत आठळी असलेलं. तोंडात टाकलं. साल जराशी चामट, आतला गर पिठूळ. गोड म्हणावं तर नाही, आंबट नाही, कडू-तुरटही नाही. सफरचंद चिरून ठेवलं, विसरलं आणि दुसऱ्या दिवशी खाल्लं तर लागेल तसं काहीतरी. मग दाताखाली बारीक आठळी आली आणि 'कुर्र' वाजली. क्रॅकरबेरी! नाव चवीवरून नाही, आवाजावरून पडलंय. नाव ठेवणाऱ्यालाही चवीबद्दल सांगण्यासारखं काही सापडलं नसणार.

मी आणखी वीसेक खाल्ली. आवडली म्हणून नव्हे. इतक्या लांब आले होते म्हणून.

त्याच शेवाळात अगदी जमिनीला चिकटून एक वेल होती, पानं मुगाच्या दाण्याएवढी. ती उचलली तर खाली पांढरी, लवदार फळं लपलेली. ही रांगणारी स्नोबेरी. एक फळ चावलं आणि थेट आजीची आठवण आली. गंधपुऱ्याचं तेल! सांधे चोळायच्या मलमाचा तोच वास, पण गोडसर आणि रसाळ. एवढ्याशा फळात एवढा वास आणि तिच्या शेजारी माझी ही मिळमिळीत नायिका. वाईट वाटलं थोडं.

दुपारी लॉब्स्टर कोव्ह हेडच्या दीपगृहावर गेलो. १८९७ सालचं आहे. तिथल्या समुद्रकाठी वाऱ्याने झाडांची पार वाट लावलीय. एरवी साठ फूट वाढणारी फरची झाडं इथे छातीइतकी, एकमेकांत गुंतलेली आणि एकाच दिशेला विंचरलेली. याला इथले लोक 'टकमोर' म्हणतात. त्याच्या आत वाकून शिरलं की वारा एकदम थांबतो, आणि त्या ठेंगण्या अंधारातही खाली बंचबेरी आहेच. "तिचं काय बिघडतंय," हे म्हणाले, "ती आधीच वाकलेली."

तिसरा दिवस

पाऊस. तरीही टेबललँड्सला गेलो, कारण लेकीची सुट्टी मोजून आठवड्याची.

हा डोंगर म्हणजे समुद्रतळाखालचा, पृथ्वीच्या प्रावरणातला खडक, खंडांच्या टकरीत वर ढकलला गेलेला. पेरिडोटाइट. त्यात लोह भरपूर, म्हणून गंजून तांबूस-पिवळा दिसतो. रस्त्याच्या एका बाजूला गच्च हिरवं जंगल आणि दुसऱ्या बाजूला हे उघडंबोडकं मंगळावरचं दृश्य. मधून फक्त डांबरी पट्टी जाते. मातीत रोपांना लागणारी पोषणद्रव्यं जवळपास नाहीत आणि नकोत ते धातू भरपूर. त्यामुळे इथे टिकतात त्या वेगळ्याच वाटेने पोट भरणाऱ्या वनस्पती. ओहोळाकाठी घटपर्णी दिसली, पावसाच्या पाण्याने भरलेल्या पानांत बुडालेले किडे पचवत बसलेली. ती या प्रांताचं राज्यफूल आहे. किडे खाणारं राज्यफूल निवडणारे लोक मला आवडले.

बंचबेरी मला त्या तांबड्या बाजूला दिसली नाही. परत येताना हिरव्या बाजूला गाडी थांबवून खात्री केली. तिथे होती.

चौथा दिवस

वेस्टर्न ब्रुक पाँड. याला पाँड म्हणजे तळं म्हणायचं ही इथल्या लोकांची विनयशीलता, कारण दोन्ही बाजूंना सहाशे मीटरच्या आसपास उंचीचे कडे उभे आहेत. एके काळी हा समुद्राचाच फाटा होता. हिमनद्या वितळल्यावर त्यांच्या ओझ्यातून मोकळी झालेली जमीन वर उचलली गेली आणि समुद्र बाहेर राहिला. होडीच्या धक्क्यापर्यंत तीनेक किलोमीटर चालावं लागतं.

लेक आणि हे होडीकडे बघत झपाझप पुढे. मी मागे, कारण वाटेत एक अशी जागा आली की तिथे थांबणं भागच होतं. बंचबेरीच्या गालिच्यात मधूनच रुंद, गुळगुळीत पानांची रोपं, आणि त्यांच्या उंच दांड्यावर गर्द निळी फळं. पोर्सेलिनच्या मण्यांसारखी, इतकी सुंदर की हात आपोआप पुढे जावा. ही ब्लूबीड लिली. ती खायची नाही, पोट बिघडवते. जंगलात फळं ओळखायला निघालेल्या नवख्याची इथे पंचाईत होते : देखणं ते खाऊ नये आणि खाण्याजोगं ते बेचव. लाल दिसतं म्हणून खावं तर तेही नाही. बेनबेरी नावाचं लाल फळाचं झुडूप उत्तर अमेरिकेच्या याच प्रकारच्या जंगलात होतं आणि ते चांगलंच विषारी आहे. म्हणून मी लेकीला सांगून ठेवलं होतं की फळाकडे बघायचंच नाही, आधी पान बघायचं. एका पातळीत झुबक्याने आलेली पानं, वळणाऱ्या शिरा, फाडल्यावर धागा. तिन्ही जमलं तरच पुढचं बोलायचं.

"आई, होडी सुटेल!"

होडीत बसले. कडे अफाट होते, धबधबे होते, धुकं अर्ध्यावर लटकलेलं होतं. फोटो शेकड्याने काढले. त्याबद्दल लिहायला गेले तर सगळेच लिहितात तसंच लिहीन, म्हणून सोडून देते.

परतीच्या वाटेवर ह्यांना मूस दिसला. दलदलीच्या पलीकडे, मादी, दीडशे फुटांवर. ती मान खाली घालून चरत होती. हे दहा मिनिटं श्वास रोखून उभे. मग दबक्या आवाजात म्हणाले, "अगं, ती तुझंच काहीतरी खातेय." असेलही. मूस बंचबेरी खातात. एका अर्थाने आमच्या दोघांच्या याद्या तिथे एकत्र आल्या.

पाचवा दिवस

उत्तरेकडे. साडेतीनशे किलोमीटरच्या वर अंतर, डाव्या हाताला सतत समुद्र, उजव्या हाताला दलदल आणि बुटकं जंगल. घरं विरळ होत जातात आणि मग रस्त्याच्या कडेलाच, गावापासून कितीतरी लांब, छोट्या छोट्या कुंपणातल्या भाज्यांचे वाफे दिसायला लागतात. बटाटे, सलगम, कोबी. आधी कळेना की हे कोणाचं आणि इथे का. रस्ता बांधताना कडेची माती उकरून वर आली, ती बाकीच्या जमिनीपेक्षा बरी, म्हणून लोकांनी तिथेच लागवड केली. राखणदार नाही. जवळच हिवाळ्यासाठी रचून ठेवलेल्या लाकडांच्या थप्प्या, त्यांनाही राखणदार नाही. ह्यांनी दोनदा विचारलं, "चोरत नाही कोणी?" उत्तर द्यायलाही आसपास कोणी नव्हतं.

एका दलदलीशेजारी चार-पाच गाड्या उभ्या होत्या आणि माणसं कंबरेत वाकून पसरलेली. बेकॲपल! बाकी जग याला क्लाउडबेरी म्हणतं. लेकीने गाडी थांबवायच्या आत मी दार उघडलं होतं.

बेकॲपलचं सगळं उलटं असतं. कच्चं फळ लाल, आणि पिकलं की फिकट केशरी, मधाच्या रंगाचं. एका रोपाला एकच फळ. नर-मादी रोपं वेगळी, म्हणजे अर्ध्या रोपांकडून अपेक्षाच ठेवायची नाही. बादली भरायला दिवस जातो, कंबर जाते आणि वर माश्या. काळ्या, तिळाएवढ्या, चावतात तेव्हा कळतही नाही. संध्याकाळी कानामागे सुजतं. बादली घेतलेल्या एका बाईंनी मला चाखायला चार फळं दिली. भाजलेलं सफरचंद, मध आणि किंचित आंबलेलं दही, असं काहीसं. मला आवडलं. ह्यांना नाही.

त्या बाईंना मी विचारलं की क्रॅकरबेरी कोणी गोळा करतं का. त्या मोकळेपणी हसल्या. लहानपणी शाळेतून येताना तोंडात टाकायचो, आठळ्या फोडायला मजा यायची, म्हणाल्या. मोठ्यांनी खायचं ते फळ नव्हे. त्यांच्या लेखी फळांची उतरंड पक्की होती : सगळ्यांत वर बेकॲपल, मग पार्ट्रिजबेरी, मग ब्लूबेरी. पार्ट्रिजबेरी म्हणजे युरोपातली लिंगनबेरी. ती अजून पांढरट होती, एका गालावर लाली चढायला लागलेली. तिला सप्टेंबर हवा, थंडीचा कडाका बसला की गोडी येते. क्रॅकरबेरी या उतरंडीत कुठे? त्यांनी बोटाने जमिनीकडे दाखवलं.

परत वळताना माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत दलदलीत गेला. पाय निघाला, बूट राहिला. तो काढायला दोन अनोळखी माणसं आणि एक बादलीची कडी लागली. नंतरचे शंभर किलोमीटर मी मोज्यांवर बसून काढले.

सहावा दिवस

लान्स ओ मेडोज. बेटाचं उत्तर टोक, झाडं जवळपास नाहीत, गवत आणि वारा. १९६० साली नॉर्वेचे हेल्गे इंगस्टाड वायकिंगांच्या जुन्या गाथांतला 'व्हिनलँड' शोधत इथे पोहोचले आणि जॉर्ज डेकर नावाच्या स्थानिक माणसाने त्यांना गवताखालचे उंचवटे दाखवले. पुढे हेल्गे आणि त्यांच्या पुरातत्त्वज्ञ पत्नी ॲन स्टीन यांनी उत्खनन करून सिद्ध केलं की ही नॉर्स, म्हणजे वायकिंग लोकांची वस्ती. कोलंबसाच्या पाच शतकं आधीची. लाकडाच्या तुकड्यांतल्या वर्षवलयांवरून अलीकडे नेमकं सालही मिळालंय. झाडं तोडली गेली ती १०२१ साली. आता तिथे गवताच्या ढेकळांची घरं तशीच्या तशी बांधून ठेवली आहेत. आत शेकोटीचा धूर आणि अंधार. ह्यांना ती फारच आवडली, वारा लागत नव्हता म्हणून.

मला मात्र व्हिनलँड या नावाने पछाडलं. द्राक्षांचा देश! इथे द्राक्षं होत नाहीत. मग ही बेरींची दारू का? की ते आणखी दक्षिणेला गेले होते? उत्खननात बटरनट नावाच्या अक्रोडाच्या भावंडाची टरफलं सापडली आणि तेही झाड या बेटावर होत नाही. म्हणजे दक्षिणेला गेले होते हे नक्की. रानटी द्राक्षं तिकडेच भेटली असणार.

पण त्यांना इथे ओळखीचं काहीच नव्हतं असंही नाही. वस्तीच्या पलीकडे ओलसर उतारावर मी नेहमीप्रमाणे खाली बघत चालले होते, आणि एक बंचबेरी चुकीची वाटली. पानं एका झुबक्यात नव्हती. देठावर खालपासून जोडीजोडीने चढत गेलेली. ही कॉर्नस सुएसिका, बंचबेरीची युरोपातली बहीण. हिच्या फुलांचा मधला गुच्छ काळपट जांभळा असतो. नॉर्वेत ती आहे, ग्रीनलँडमध्ये आहे आणि इथे कॅनडाच्या किनाऱ्यावरही. दोघी जिथे भेटतात तिथे त्यांचा संकरही होतो. हजार वर्षांपूर्वी ग्रीनलँडहून आलेल्या एखाद्या बाईने (त्या तुकडीत बायका होत्या, सूत कातायची चाती सापडली आहे) इथे उतरून खाली बघितलं असेल, तर तिला पहिलं ओळखीचं हेच लाल फळ दिसलं असेल. तिनेही लहानपणी ते खाल्लं असेल आणि मोठेपणी सोडलं असेल.

आणि मग ते घडलं. मुक्कामाच्या घरामागे टकमोरची एक पट्टी होती, उत्तरेकडे तोंड केलेली, दिवसभर सावलीत. संध्याकाळी पाय मोकळे करायला गेले तर लाल मण्यांच्या गर्दीत एक पांढरं टिपूस. वेळ चुकवून आलेलं फूल!

चार पांढऱ्या पाकळ्या दिसतात त्या पाकळ्या नव्हेत, ती छदं. बोगनवेलीचा गुलाबी रंग जसा फुलाचा नसतो, तसंच. खरी फुलं मधोमध, मोहरीएवढी, वीस-पंचवीस. बरीचशी उघडून गेलेली होती, पण चार-पाच कळ्या अजून मिटलेल्या. भिंगाने पाहिलं तर प्रत्येक कळीच्या एका पाकळीच्या टोकाला केसासारखा काटा. हाच या बंदुकीचा घोडा. भुंग्यासारखा वजनदार किडा त्याला धडकला की पाकळ्या सुटतात. मुंगीसारख्या हलक्या पाहुण्याने बहुधा काही होत नाही, तिच्यावर पराग फुकट घालवायचे नाहीत. आत चार पुंकेसर वाकून ताणलेले असतात. पाकळ्या मागे गेल्या की ते सुटतात, आणि त्यांच्या टोकाला बिजागरीसारखी जोडलेली परागाची पिशवी फिरून पराग वर भिरकावते. थेट गोफण. दांडा हात, पिशवी म्हणजे गोफणीचा झोळ. पराग गुरुत्वाकर्षणाच्या दोन हजार चारशे पट त्वरणाने सुटतात आणि अडीच सेंटिमीटर उंच जातात, म्हणजे फुलाच्या स्वतःच्या उंचीच्या दहापट.

मी लेकीला हाका मारल्या. ती मोबाइल घेऊन आली, संथगती चित्रण लावलं, सेकंदाला २४० चित्रं. दोघी पोटावर पडलो. मी गवताची वाळकी काडी घेतली आणि पहिल्या कळीच्या काट्याला लावली. काही नाही. दुसरीला लावली. काही नाही. तिसरी...

काय झालं ते मला दिसलं नाही. कळी होती आणि मग फूल होतं. पाकळ्या मागे वळलेल्या, पुंकेसर बाहेर, काडीच्या टोकावर पिठासारखं पांढरं. मधलं काहीच नाही. आवाज नाही, थरथर नाही. वर्गात इतकी वर्षं फिल्म दाखवताना मी हळूहळू उघडणारं, दिमाखदार काहीतरी दाखवत आले होते. प्रत्यक्षात ते एक गाळलेलं वाक्य होतं.

लेकीने चित्रण पुढे-मागे केलं. एका चित्रात कळी. लगेचच्या पुढच्या चित्रात फूल. दोन चित्रांमध्ये चार मिलिसेकंदांचं अंतर, आणि त्या फटीत हे सगळं आठ वेळा उरकून झालं असतं.

"आई, रेकॉर्डच झालं नाही," ती हिरमुसली.

"झालं की," मी म्हटलं. "हे असंच दिसतं."

उरलेल्या दोन कळ्यांना मी हात लावला नाही. भुंग्यासाठी ठेवल्या. बंचबेरीला स्वतःचे पराग चालत नाहीत, दुसऱ्या रोपाचे लागतात, आणि त्या टापूत दुसरं फूल मला दिसलं नव्हतं. पण ते बघायचं काम भुंग्याचं.

सातवा दिवस

परत रॉकी हार्बर. दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान.

घरामागच्या झाडीतून मी दोन वाट्या क्रॅकरबेरी गोळा केल्या, पक्ष्यांसाठी वरवरच्या ठेवून. स्वयंपाकघर मागितलं. घरमालकीण खुर्ची ओढून बसली, तमाशा बघायला बसतात तशी. फळं थोड्या पाण्यात शिजवली, चोथा आणि आठळ्या गाळून घेतल्या. खाली आला तो रस इतका देखणा की हे उठून बघायला आले. साखर घातली, लिंबू पिळलं, पाक आटायला ठेवला. जेली घट्ट करणारं पेक्टिन या फळात भरपूर, त्यामुळे वेगळं काही घालावं लागलं नाही. बशीवर थेंब टाकला तर पाच मिनिटांत जागेवर बसला, बोट फिरवल्यावर सुरकुती पडली.

नाश्त्याला टाउटन होते. पावाच्या पिठाची तळलेली जाड चकती, त्यावर काकवीसारखी मळी ओतून खातात. आज मळीऐवजी माझी जेली. ह्यांनी खाल्ली, "छान आहे" म्हणाले आणि मळीची बाटली पुढे ओढली. लेकीने रंगाची स्तुती केली. घरमालकिणीने चमचाभर तोंडात घेऊन डोळे मिटले. बराच वेळ काही बोलली नाही.

"बसली फार सुरेख आहे," ती शेवटी म्हणाली. "चव साखरेची आहे, माय लव्ह. साखर चांगली होती."

मग तिने बरणी उचलली, झाकण लावलं, आपल्या अक्षरात त्यावर क्रॅकरबेरी असं लिहिलं आणि फळीवरच्या पार्ट्रिजबेरीच्या आणि बेकॲपलच्या बरण्या बाजूला सारून अगदी मागे ठेवली. मार्चमध्ये बाकी सगळं संपलं की काढेन, म्हणाली.